अपडेट काढायचं, ड्रायव्हर मागे न्यायचा, की थेट फॉरमॅट मारायचा?

विंडोजचं महिन्याचं मोठं अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे कोल्हापुरात घरच्या कॉम्प्युटरची रडगाणी सुरू होतात ती बुधवार-गुरुवारपासून. प्रिंटर दिसत नाही, आवाज गेला, चालू केलं की नुसतं गोल फिरतंय. आता कॅलेंडर बघा. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. दरमहा जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ या रिटर्नची तारीख ११ आणि ३बी ची २०. घरी बसून लक्ष्मीपुरीतल्या दोन-चार दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्याला याहून अडचणीचा आठवडा शोधून सापडायचा नाही.

अशा वेळी मशीन उचलून दुरुस्तीला नेलं की बरेचदा एकच उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारूया की, विषय संपला." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. दुकानदाराचा विषय संपतो, आपला तिथून सुरू होतो. हिशेबाचं टॅली परत टाका, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्रॅम) परत शोधा, प्रिंटर परत जोडा, मराठी टायपिंगचा कीबोर्ड परत बसवा. खरं तर फॉरमॅटच्या अलीकडे विंडोजमध्येच चार-पाच पायऱ्या आहेत, त्याही फुकट. कुठल्या पायरीवर थांबायचं हे ठरवता यावं म्हणून त्या इथे शेजारी शेजारी मांडतोय. माझा कौल आधीच सांगतो: जेवढं बिघडलंय तेवढंच मागे घ्या.

आधी गुन्हेगार अपडेटच आहे ना?

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, विजा कडाडतात, लाइट चार वेळा जाते-येते. दुसऱ्या दिवशी मशीन रुसलं की अपडेटवर आळ घ्यायला सोपं जातं. त्यापेक्षा स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडलं की दिवसवार तक्ता दिसतो: कुठल्या दिवशी काय कोसळलं आणि कुठल्या दिवशी कुठलं अपडेट बसलं. लाल फुल्या अपडेटच्या आधीपासूनच असतील तर पुढचं काहीही करू नका, कारण दुखणं दुसरीकडे आहे. विंडोजमधली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित खिडकी असावी.

एक दिवस थांबणं की लगेच काढणं

थांबणं हाही पर्याय आहे, आणि तो आळशीपणाचा नाही. मायक्रोसॉफ्टकडे 'नोन इश्यू रोलबॅक' नावाची सोय आहे. अपडेटमधला एखादा बदल त्रास देतोय असं लक्षात आलं की तेवढाच बदल ते तिकडून बंद करतात. बाकीचं अपडेट तुमच्याकडे तसंच राहतं. घरगुती मशीनपर्यंत हे पोचायला साधारण २४ तासांपर्यंत वेळ लागतो, मधे एकदा रीस्टार्ट केलं तर लवकर पोचतं. जानेवारी २०२५ च्या शेवटी आलेल्या एका ऐच्छिक अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप कागद ओढून त्यावर निरर्थक अक्षरं छापायला लागले होते. तो घोळ याच मार्गाने आवरला गेला. ज्यांनी तोवर घाईने फॉरमॅट मारला असेल त्यांची मेहनत फुकट गेली.

मात्र या सोयीला मर्यादा आहे. सुरक्षेसाठी केलेले बदल अशा पद्धतीने मागे घेतले जात नाहीत. शिवाय मशीन चालूच होत नसेल तर थांबून काय उपयोग? थोडक्यात, काम अडलेलं नाही, नुसती कटकट आहे, तर एक दिवस थांबा. उद्या रिटर्न भरायचंय किंवा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, तर थांबू नका.

ड्रायव्हर की अपडेट?

एकच वस्तू बंद पडली असेल, म्हणजे फक्त प्रिंटर, फक्त वायफाय किंवा फक्त आवाज, तर सगळं अपडेट उखडणं म्हणजे नळ गळतोय म्हणून पाण्याची टाकी पाडणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांच्या यादीत, त्या वस्तूवर डबल क्लिक करा, 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. पाच मिनिटांचं काम. सुरक्षेचं काही जात नाही, फाइल्सना धक्का नाही, आणि फरक पडला नाही तर नवा ड्रायव्हर परत टाकता येतो.

ते बटण करडं असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेलाच नाही. मग प्रिंटर किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आणावा लागतो. दुसरी गोम अशी की विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर काही दिवसांनी परत आणून बसवू शकतं. मागे नेल्यावर आठवडाभर लक्ष ठेवा.

स्क्रीन अचानक काळी झाली तर ड्रायव्हरच्या नादी लागण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि कधीकधी तेवढ्यावरच भागतं.

अपडेट काढणं आणि सिस्टिम रिस्टोअर

खरी निवड या दोघांत आहे, आणि लोक गोंधळतात ते इथेच.

अपडेट काढायचं तर 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्टरी' आणि तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. प्रत्येक अपडेटला 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक असतो; तारीख बघून नेमकं तेवढंच काढायचं. फाइल्स, प्रोग्रॅम, सेटिंग्ज सगळं जागच्या जागी राहतं. काहींच्या पुढे 'अनइन्स्टॉल' दिसतच नाही, कारण ती अपडेट्स काढण्याजोगी ठेवलेलीच नसतात. तिथे डोकं आपटू नका.

यात काय गमावतो? त्या महिन्याच्या सगळ्या सुरक्षा-दुरुस्त्या. महिन्याचं अपडेट एकत्रित असतं, त्यातला नडणारा भाग काढून बाकीचा ठेवायची सोय घरगुती वापरात नाही. याच मशीनवरून नेटबँकिंग करत असाल तर ही किंमत लहान नाही. आणि पुढच्या महिन्याचं अपडेट येताना मागचं सगळं सोबत घेऊनच येतं, त्यामुळे दोष तोवर दुरुस्त झाला नसेल तर दुखणं पुन्हा हजर. काढणं म्हणजे कायमचा इलाज नाही, चार-पाच आठवड्यांची मुदत मिळते एवढंच. ती तरी नीट मिळावी म्हणून काढल्याबरोबर 'पॉज अपडेट्स' करा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. हे विसरलात तर काढलेलं अपडेट एक-दोन दिवसांत गुपचूप परत बसतं आणि मग 'काढून काही उपयोग नाही' असा बोभाटा होतो.

सिस्टिम रिस्टोअरचं काम वेगळं. तो एक अपडेट काढत नाही, अख्खी यंत्रणा एखाद्या ठरावीक दिवशी जशी होती तशी करतो: सिस्टिमच्या फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्रॅम. तुमचे फोटो, वर्डच्या फाइल्स यांना हात लावत नाही. नेमकं काय बिघडलं हेच कळत नसेल, किंवा त्याच आठवड्यात अपडेटही आलं, नवा अँटीव्हायरसही टाकला आणि भाच्याने येऊन कसलंसं गेमही बसवलं, तर रिस्टोअर सरस. त्या दिवसानंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. सुरू करण्याआधी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' दाबलं की कुठले जाणार ते दाखवतो. ती यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेहमीच्या विंडोजमधून रिस्टोअर केलं असेल आणि पटलं नाही, तर ते उलटवताही येतं. सेफ मोडमधून (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालवायची पद्धत) केलं तर उलटवता येत नाही.

मग सगळे रिस्टोअरच का करत नाहीत? कारण बहुतेकांकडे तो बंद असतो. बऱ्याच मशीनवर सी ड्राइव्हचं 'सिस्टिम प्रोटेक्शन' सुरू केलेलंच नसतं, आणि नड आल्यावर सुरू करून उपयोग नाही, कारण परत जायला आधीचा बिंदूच, म्हणजे जपून ठेवलेली स्थितीच, नसते. सुरू असलं तरी जुने बिंदू कायम राहत नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटनंतर ते ६० दिवसांपर्यंत ठेवले जातात. आज मशीन ठणठणीत असेल तर आजच ते सुरू करा आणि एक बिंदू हाताने तयार करा.

टॅली वापरणाऱ्यांनी दोन्हींपैकी काहीही करण्याआधी कंपनीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा. गरज पडणार नाही बहुधा, पण गुजरीतल्या एखाद्या पेढीचा वर्षाचा हिशेब 'बहुधा'वर ठेवायचा नसतो.

अख्खी आवृत्तीच बदलली असेल तर

वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट, किंवा विंडोज १० वरून ११ वर गेलेलं मशीन, ही निराळी गोष्ट. तिथे 'सेटिंग्ज'मधल्या 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' नावाचं बटण असतं आणि ते फक्त १० दिवस जिवंत असतं. जुनी आवृत्ती 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. मुदत संपली की ती पुसली जाते. जागा होत नाही म्हणून डिस्क क्लीनअप करून ते फोल्डर तुम्हीच उडवलंत तर दहा दिवसही मिळत नाहीत. मुदत कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपण्याआधी.

पण ११ वरून १० वर परत जाताना दोनदा विचार करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं असेल तरच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतात. नोंदणी न करता परत गेलात तर मशीन छान चालेल, पण दारं उघडी ठेवून.

आणि एक गैरसमज. मागे गेल्याने गेलेल्या फाइल्स परत येत नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइल्सच उडवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत ती थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये सुधारून परत आणली. पण ज्यांच्याकडे वेगळा बॅकअप नव्हता त्यांना आवृत्ती मागे नेऊन काही मिळालं नाही.

चालूच होत नसेल तर

पॉवरचं बटण दाबून धरून सुरू होतानाच दोन-तीनदा बंद केलं की विंडोज आपणहून निळा दुरुस्ती-पडदा आणतं. तिथे 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मग दोन पर्याय: 'क्वालिटी अपडेट' म्हणजे महिन्याचं, 'फीचर अपडेट' म्हणजे अख्खी आवृत्ती. महिन्याचंच आधी काढा. सिस्टिम रिस्टोअरही याच पडद्यावर आहे.

इथे दोन अडथळे येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण खात्याचा पासवर्ड कुणाला आठवतोय? आजच काढून वहीत लिहून ठेवा. मशीनमध्येच सेव्ह करून ठेवणारेही असतात, त्यांना काय म्हणावं. दुसरा अडथळा विचित्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या याच दुरुस्ती-पडद्यावर यूएसबीचे माऊस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. ऐन दिवाळीच्या आठवड्यात सुटकेची वाटच बंद. २० ऑक्टोबरला तातडीचं अपडेट काढून ते सावरलं. तोवर जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड ज्यांच्या माळ्यावर होता आणि मशीनला तशी खाच होती, त्यांचं निभावलं.

यातलं काहीही सुरू असताना लाइट जाता कामा नये. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू दे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलंय का बघा आणि मगच हात घाला.

फॉरमॅटच्या आधीची शेवटची पायरी

सगळं करून भागलं नाही, पण विंडोज उघडतंय, तर विंडोज ११ च्या 'रिकव्हरी'त 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' आणि त्यापुढे 'रीइन्स्टॉल नाऊ' बघा. आहे तीच आवृत्ती नव्याने बसते. फाइल्स, सेटिंग्ज आणि प्रोग्रॅम राहतात. काही जीबी डाउनलोड होतात आणि वेळ बराच जातो, संध्याकाळी लावून जेवायला बसावं असं हे काम. त्याच्या शेजारचं 'रीसेट धिस पीसी' मात्र 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम काढून टाकतं. दुकानातला फॉरमॅट याच्याही पुढचा. डिस्क खराब असेल किंवा व्हायरसने पोखरली असेल तर तोच योग्य. एका महिन्याच्या अपडेटसाठी नाही.

मग कुणी काय निवडावं?

हिशेबाचं मशीन असेल तर क्रम असा: बॅकअप, अपडेट काढणं, पॉज, आणि २० तारीख उलटली की पॉज उठवून सगळं बसवणं. उद्यमनगरातल्या कारखान्याची बिलं जिथून निघतात त्या मशीनलाही हेच. पुढे 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' हे बटण बंद ठेवा. महिन्याच्या शेवटाकडे येणारी ऐच्छिक अपडेट्स चाखून बघायचं काम इतरांवर सोपवा.

अभ्यासाचं किंवा सिनेमे बघायचं मशीन असेल आणि दुसरा मोबाइल हाताशी असेल तर एक दिवस थांबा, मग ड्रायव्हर, मग अपडेट.

पोरं पुण्याला आणि आई-बाबा इथे कळंब्याला, अशा घरात फोनवरून 'आता डावीकडे काय दिसतंय?' करत अपडेट काढायला लावू नका. केबीचे क्रमांक फोनवर वाचताना दोघांचाही संयम सुटतो. त्यापेक्षा सुट्टीला याल तेव्हा सिस्टिम प्रोटेक्शन सुरू करून द्या, बिटलॉकरची किल्ली त्यांच्या वहीत लिहा आणि 'सिस्टिम रिस्टोअर' उघडायचं कसं ते एकदा बाबांच्याच हातून करून घ्या. तारीख निवडून 'नेक्स्ट' दाबत जाणं त्यांना जमतं.