अटलांटा ते सेल्मा, एका दिवसात : पाचपैकी साडेतीन तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही. अटलांटाहून अलाबामात नेऊन आणणाऱ्या व्हॅनवाल्यांपैकी एक, एवढं पुरे. माणशी १६५ डॉलर, टिप वेगळी. चौदा सीटची व्हॅन, सकाळी साडेसहाला निघणार, रात्री आठला परत. आम्ही दोघं गेलो एप्रिल २०२४ मध्ये. मी, आणि साताऱ्याहून आलेले माझे वडील. अण्णा, वय पंच्याहत्तर, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक.

खरं तर त्यांना मत्स्यालय दाखवायचं ठरलं होतं. पण आल्यापासून अण्णा एकाच गोष्टीवर धुमसत होते. साताऱ्याचं मतदान ७ मे ला, आणि मी त्यांचं परतीचं तिकीट काढलंय ऑगस्टचं. तिकीट काढलं तेव्हा तारखा जाहीरही झाल्या नव्हत्या, पण हे त्यांना सांगून उपयोग नाही. १९७२ च्या विधानसभेपासून २००४ पर्यंत या माणसाने एकही निवडणूक ड्यूटी चुकवलेली नाही. शिक्का, शाई, लाख, सुतळी, पेट्या डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणं, सगळं केलेलं. म्हटलं, यांना मतदानाचंच काहीतरी दाखवू. सेल्मा म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या मतदान हक्काच्या लढ्याचं गाव.

आधी तक्रारी उरकते. जेवण ‘टूरमध्ये समाविष्ट’ आहे म्हणजे एक खोका. बुकिंग करताना मी दोनदा शाकाहारी लिहिलं होतं. खोक्यात टर्की सँडविच निघालं. तक्रार केल्यावर ड्रायव्हरने अतिशय प्रेमाने त्यातली टर्की काढून दिली. अण्णा माळकरी. नशीब माझं, की मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. एक तारा इथेच गेला. दुसरं म्हणजे, अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या तासभर मागे. मिळालेला तो तास सत्कारणी लावतील असं वाटलं होतं. तो गेला अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरीच्या एका दुकानात मग आणि टी-शर्ट बघण्यात. अर्धा तारा त्याचा.

मॉन्टगोमेरी तशी पळतीच. कॅपिटलच्या, म्हणजे विधान भवनाच्या पायऱ्या, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग जिथे पाद्री होते ते डेक्स्टर अव्हेन्यूवरचं चर्च बाहेरून, फोटो, चला.

उरलेले साडेतीन तारे गाईडबाईंचे. सत्तरीकडे झुकलेल्या, काळ्या, मूळच्या सेल्माच्या, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला एक जाडजूड कापडी पिशवी. त्यांची आई शाळेत शिक्षिका होती हे कळल्यावर अण्णा पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि मी मधल्या मध्ये दुभाषी झाले.

सेल्मा हे डॅलस काउंटीचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. १९६५ च्या सुरुवातीला तिथे मतदानाच्या वयाचे काळे लोक सुमारे पंधरा हजार, आणि यादीत नाव असलेले जेमतेम तीनशे-साडेतीनशे. नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच सोमवार उघडं. गेलात तर राज्यघटनेवर प्रश्न, लेखी परीक्षा, आणि पास-नापास ठरवणार समोर बसलेला गोरा कारकून. वर आधीच नोंदलेल्या मतदाराने तुमची ओळख पटवायची. इथे अण्णांनी मला थांबवलं. “अगं पण नोंदलेला कुणीच नसेल तर ओळख पटवायची कुणी?” बाई म्हणाल्या, बरोबर पकडलंत. शेजारच्या लाऊन्स काउंटीत तेव्हा ऐंशी टक्के वस्ती काळी आणि यादीत एकही काळा मतदार नव्हता.

अण्णा गप्प. मग म्हणाले, “आमच्याकडं अंगठेवालेच जास्त. त्यांना कोण परीक्षा घेणार?”

पुलावर जायच्या आधी बाईंनी सेल्माच्या शिक्षकांचा मोर्चा सांगितला. कुठल्याही माहितीपटात पूल असतोच. हे सहसा नसतं. २२ जानेवारी १९६५, शाळा सुटल्यावर शंभरावर काळे शिक्षक कोर्टावर चालत गेले. पुढे एफ. डी. रीस, स्वतः शिक्षक आणि पाद्री. नोकरी गोऱ्या बोर्डाच्या हातात, तरी गेले, आणि जाताना टूथब्रश घेऊन गेले. तुरुंगात रात्र काढायची तयारी आहे हे दाखवायला. बाईंनी पिशवीतून एक साधा टूथब्रश काढून वर धरला. त्यांचं हे रोजचं आहे, कळतं, पण अण्णांनी तो ब्रश हातात घेऊन बराच वेळ पाहिला. गावच्या शाळेचा मास्तर बदलीच्या नुसत्या धाकाने कसा वाकतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पुलाचं नाव एडमंड पेटस. हा गृहस्थ यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा सेनापती, नंतर सिनेटर. नाव अजूनही कमानीवर मोठ्या अक्षरांत आहे. पूल मधोमध उंच होतो, त्यामुळे चढताना पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्या मागून सहाशे माणसं इथून चढली आणि माथ्यावर आल्यावरच त्यांना खाली उभे पोलीस दिसले. लाठ्या, अश्रुधूर, घोडे. लुईस यांची कवटी फुटली. ते पुढे आमच्या अटलांटाचे खासदार झाले. २१ ते २५ मार्चला तिसरा मोर्चा ५४ मैल चालून मॉन्टगोमेरीला पोचला आणि ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. हे सगळं वाचलेलं होतं. चढ मात्र वाचलेला नव्हता. गुडघे दुखत असतील तर सेल्माच्या बाजूलाच थांबा, वारं फार असतं. उतरून गावात आलं की बंद दुकानांच्या रांगा. जानेवारी २०२३ च्या टोर्नेडोत उडालेली छपरं काही ठिकाणी तशीच होती.

परतीच्या वाटेवर लाऊन्स काउंटीतलं या लढ्याचं माहिती केंद्र. टूरवाले याला फक्त वीस मिनिटं देतात. माझ्या मते सगळा दिवस इथे घालवावा. नाव नोंदवलं म्हणून ज्या कुळांना गोऱ्या जमीनमालकांनी घराबाहेर काढलं, ती इथे तंबू ठोकून राहिली होती. आणि याच पार्किंगमध्ये बाईंनी पिशवीतून तो कोंबडा काढला.

जुन्या मतपत्रिकेची लॅमिनेट केलेली प्रत, कोपरे सुटलेले. अलाबामात अक्षरओळख नसलेल्यांसाठी पक्षांना चिन्हं असायची. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्याच्या डोक्यावर छापलेलं : ‘गोऱ्यांचं वर्चस्व’. हे शब्द १९६६ मध्ये काढले. त्याच वर्षी लाऊन्सच्या काळ्या शेतकऱ्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं झेप घेणारा काळा बिबळ्या. पहिल्या निवडणुकीत सगळे हरले. १९७० मध्ये त्यांच्यातलेच जॉन ह्युलेट शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख झाले.

अण्णांचा चेहरा उजळला. चिन्ह म्हणजे त्यांचा प्रांत! बैलजोडी, खटारा, गाय-वासरू, सगळं बाईंना सांगून झालं, आणि मला ‘खटारा’ला इंग्रजी शब्द शोधावा लागला. मग अडकले. “थांब. कोंबडा डेमोक्रॅटिकचा? म्हणजे ओबामांच्याच पक्षाचा?”

त्याच. व्हॅन सुरू झाल्यावर बाईंनी, माईक बंद करून, हे समजावलं. कार्यक्रमात हा भाग नाही, आणि असायला हवा. दक्षिणेत गोऱ्यांचा पक्ष तेव्हा डेमोक्रॅटिक. नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली ती त्याच पक्षाच्या जॉन्सननी, १९६४ मध्ये, आणि त्याच वर्षी अलाबामासकट दक्षिणेतली पाच राज्यं राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्याकडे गेली. नंतरच्या वर्षांत गोरे हळूहळू तिकडे सरकले, काळे इकडे राहिले. २००८ च्या मतदानोत्तर चाचणीत अलाबामातल्या काळ्या मतदारांत ओबामांना ९८ टक्के, गोऱ्यांत १० टक्के. शेजारी शेजारी घरं, एकच हायवे, एकच फुटबॉल टीम. माझ्या ऑफिसातले लोक याला ‘विचारसरणी’ म्हणतात. कर, चर्च, बंदुका यांचा वाटा आहेच. पण ९८ आणि १० मधलं अंतर नुसत्या करांनी भरत नाही.

मी अण्णांना सांगितलं की जॉर्जियाच्या नोंदणी फॉर्मवर वंश विचारतात, मीही ‘आशियाई’वर खूण केली आहे.

“फॉर्मात? उघड?”

“हो.”

“आपल्याकडं फॉर्मात नसतं. आडनावात असतं.” आणि मग मतदानाच्या दिवशी बूथबाहेर टेबल टाकून बसलेली पोरं यादीवर पेन्सिलीने कशा खुणा करतात, कुठली आळी कुणाची, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. बाई मान डोलवत होत्या. त्यांना नवीन काही वाटलं नाही.

मलाही बोलायला तोंड नाही म्हणा. आम्ही राहतो त्या फोर्सिथ काउंटीतून १९१२ साली हजारावर काळ्या लोकांना हुसकावून लावलं होतं, हे मला तिथे घर घेतल्यावर सहा वर्षांनी कळलं. आणि दर निवडणुकीला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपलं’ आडनाव असलेल्या उमेदवाराचा फोटो फिरतो, पक्ष कोणता ते खाली बारीक अक्षरांत. अण्णांनी तर विचारलंच, “तो आपला बेळगावचा ठाणेदार निवडून आला ना?” श्री ठाणेदार. आले, २०२२ मध्ये, डेट्रॉइटमधून, अमेरिकेचे खासदार म्हणून. बाईंना माहीत होतं. तिथे काळे उमेदवार बरेच उभे राहिले, मतं फुटली, आणि कितीतरी दशकांनंतर डेट्रॉइटला काळा खासदार उरला नाही, असं त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण हसूनही नाही. मी भाषांतर करताना शेवटचं वाक्य जरा मऊ केलं.

जाणार असाल तर : शनिवार टाळा, गर्दी असते. डबा न्या. दुकानात न जाता तो तास लाऊन्सला द्या म्हणून आधीच ईमेल करा. पाच-सहा जणांनी केली तर ऐकतील. बुकिंग करताना ‘सेल्माच्या गाईड’ मिळतील का हे विचारून घ्या. दुसऱ्या व्हॅनला एक कॉलेजचा मुलगा होता, तो सगळं फोनवरून वाचून दाखवत होता.

टिप मी वीस डॉलर दिली. अण्णांनी उतरताना चटणीची उरलेली पुडी बाईंच्या हातात ठेवली, आणि पाण्याचा ग्लास जवळ ठेवूनच खा, हे मला दोनदा सांगायला लावलं.