जळगावचा बेसबॉल क्लब: शिकवणी चांगली, निवड चुकली

पोऱ्या दोन वर्षं इथे कॅचिंग (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणं) शिकतोय. सर जीव ओतून शिकवतात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाच मैदानावर पाणी मारतात, ग्लोव्हची तुटलेली वादी स्वतः ओवून देतात. संघ नव्याने बांधायचा म्हणून लहान पोरं घेतली खरी, पण एका स्पर्धेसाठी बाहेरून तिघं आणले आणि आमची पोरं बाकावर बसवली. फार वाईट वाटलं. बाहेरून खेळाडू मोठे संघही आणतात: अमेरिकेतल्या शिकागो कब्स संघाने 2016 मध्ये तरुण ग्लेबर टोरेससह चार खेळाडू देऊन यांकीज संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) चॅपमन घेतला, 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. पण तो संघ जिंकायला तयार होता. शिवाय चॅपमन त्याच डिसेंबरात परत यांकीजकडे गेला! आपली पोरं अजून कच्ची आहेत सर, त्यांना खेळवा, हरू द्या. फी परवडते. सध्या तीन तारे.