द्राक्षं मस्त, पण रिपोर्ट जुना

आमच्या इथल्या एका ऑर्गॅनिक दुकानातून दोन महिने द्राक्षं मागवतेय, नाव घेत नाही. माल खरंच छान असतो, मणी कडक, देठ हिरवेगार, डिलिव्हरी पण वेळेवर. पण बॉक्सवर मोठ्ठं रेसिड्यू फ्री (म्हणजे फवारणीच्या औषधांचा अंश नाही) लिहिलंय म्हणून लॅबचा रिपोर्ट मागितला तर चार दिवस उद्या पाठवतो उद्या पाठवतो, आणि शेवटी आला तो मागच्या सीझनचा, तोही दुसऱ्याच प्लॉटचा!! असं कसं चालेल? द्राक्षाला छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या लागतात ते नाशिककडच्या कुणालाही विचारा, म्हणून रिपोर्ट त्याच प्लॉटचा आणि काढणीच्या आधीचाच हवा.

२०१० ला आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे. एक्स्पोर्टच्या मालाला अपेडाच्या (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन सिस्टीमवर प्लॉटची नोंद, सॅम्पल, लॅब टेस्ट सगळं लागतं, मग आपल्या पोरांच्या डब्यातल्या द्राक्षांना का नको? एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, औषधांच्या अंशाच्या मर्यादा ठरवून दिल्यात पण रिपोर्टच दाखवला नाही तर गिऱ्हाईकाला कळणार कसं.

दुकानदार म्हणाले, ताई मिठाच्या पाण्यात धुवा. अहो पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या आतूनच फिरतं, ते धुऊन जात नाही. आणि प्रश्न फक्त खाणाऱ्यांचा नाहीये, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले, ते डोक्यातून जातच नाही माझ्या.

३ स्टार, चव आणि सर्व्हिससाठी. चालू बॅचचा रिपोर्ट दाखवला तर वाढवीन.