जळगाव-धुळ्यात बांधकाम परवानगीची ऑनलाइन सेवा: छोट्याला सोपी, लेआउटला जड

मंजूर लेआउटमधला (मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्यातला) 150 चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असेल तर शुल्काची पावती हीच परवानगी; 300 पर्यंत 10 दिवसांत परवानगी. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीचं हे कलम खरंच कामाचं आहे.

लेआउटची फाइल मात्र अडकते. संगणकावरच्या नकाशात प्लॉटची हद्द बंद रेषेत नसेल, लेयरचं (नकाशातल्या थराचं) नाव चुकलं तर तपासणीतच परत. सातबारा आणि मोजणी नकाशा जुळत नसतील तर कमी क्षेत्र धरतात. मोजणी आधी करून घ्या.

खरा पेच पुढे. शासनाला घरं लवकर हवीत, प्रीमियम एफएसआयचा (शुल्क भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचा) पैसा हवा आणि आरक्षणाच्या, म्हणजे रस्ता-बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेल्या, जागाही फुकटात हव्यात. प्रीमियम स्वस्त पडला की बिल्डर टीडीआर (आरक्षित जागेच्या बदल्यात मालकाला मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) घेत नाही. मग आरक्षणातला शेतकरी टीडीआरऐवजी रोख मोबदला मागतो, तो पालिकेला झेपत नाही, आणि 10 वर्षांनी त्याची नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस पालिकेला येते. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गेलं!

4,000 चौरस मीटरपासून 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती नाल्याकाठच्या कोपऱ्यात ढकलू नका, छाननीत पहिला आक्षेप तिथेच येतो.

या सेवेला गुण पाचपैकी तीन.