ग्रेटिंगचं सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवर: एफडीटीडी की आरसीडब्ल्यूए?

पुसद, वणी, दारव्ह्याकडच्या कॉलेजात एमएस्सीचा प्रकल्प, 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही. ग्रेटिंगवर, म्हणजे ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा येणाऱ्या बारीक रचनेवर, प्रकाश कसा वागतो याचं गणित कोणत्या पद्धतीनं करायचं हे एवढ्या भांडवलावर ठरवायचं असेल तर माझं मत आधीच सांगतो: रचना पुन्हापुन्हा येणारी आणि सपाट थरांची असेल, तर आरसीडब्ल्यूए (रिगरस कपल्ड-वेव्ह अ‍ॅनालिसिस).

एफडीटीडीची (फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन) मूळ पद्धत केन यी यांनी 1966 साली मांडली. जागेची जाळी पाडायची आणि विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची मॅक्सवेलची समीकरणं काळात पावलापावलानं सोडवत जायची. तीन मितींत जाळीचं घर निम्मं केलं की घरं आठपट होतात. शिवाय कुराँच्या अटीमुळे (घर लहान तेवढं वेळेचं पाऊलही लहान लागतं) वेळेचं पाऊलही निम्मं होतं. म्हणजे काम सोळापट! उलट एकाच पल्समध्ये अख्खा वर्णपट मिळतो, हा मोठा फायदा. पण अनुनाद तीव्र असला तर प्रकाश आत घुटमळतो आणि रन संपता संपत नाही. तिरप्या प्रकाशाचं तर विचारूच नका: नेहमीच्या आवर्ती सीमांमध्ये (रचनेचा एकच तुकडा सोडवून तोच शेजारी पुन्हापुन्हा आहे असं धरायचं) प्रत्येक तरंगलांबीला कोन बदलतो, म्हणून रन वाढतात.

आरसीडब्ल्यूएत (मोहरम आणि गेलॉर्ड, 1981) कोन सरळ लिहून द्यायचा. थर जाड केला तरी वेळ वाढत नाही, कारण जाडीच्या दिशेचं उत्तर सूत्रानंच मिळतं. भिंती तिरप्या असतील तर मात्र पायऱ्या कापाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरी म्हणजे नवा थर. हार्मोनिकही, म्हणजे रचना आणि क्षेत्रं मांडायला घेतलेल्या फूरिए लहरीही, जपून वाढवा. दोन्ही दिशांना दुप्पट केले की एकूण संख्या चौपट, आणि वेळ संख्येच्या घनानं, म्हणजे सुमारे 64 पट.

आपल्याकडे खरा फरक पडतो तो लाइन गेल्यावर. आरसीडब्ल्यूएत प्रत्येक तरंगलांबी स्वतंत्र असते. उत्तर आलं की फाइलमध्ये ओळ लिहून टाका. बॅटरी संपली तरी एकच बिंदू बुडतो. एफडीटीडीचा रन मध्येच तुटला आणि क्षेत्रं साठवलेली नसली, तर पुन्हा शून्यापासून.

एकटा नॅनोकण किंवा वळणदार वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी वाट) असेल तर एफडीटीडीच घ्या. मीप हे एफडीटीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आरशासारख्या सममितीची दोन प्रतलं सापडली, तर चौथाई भागच सोडवावा लागतो. रेघांची ग्रेटिंग असेल तर तिसरी मिती टाकूनच द्या. आणि सोनं-चांदी आली की आरसीडब्ल्यूएचा कोड लिफेंग ली यांचे 1996 सालचे, फूरिए मालिकांच्या गुणाकाराचे नियम वापरतो ना, ते आधी बघा. नाहीतर टीएम ध्रुवीकरणात (चुंबकीय क्षेत्र रेघांना समांतर) हार्मोनिक वाढवतच बसाल.