कर्नल की व्हीपीपी? लोक काय मागतात ते बघा
सॉफ्टवेअर राउटरची, म्हणजे साध्या संगणकाला राउटर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ओळख जाहिरातीपेक्षा वापरणाऱ्यांच्या मागण्यांवरून लवकर पटते. लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) राउटिंग करणाऱ्यांची मुख्य मागणी एकच: वेग वाढवा. रास्तच आहे. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची पॅकेटं आली, तर सेकंदाला सुमारे १.४८ कोटी होतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद! प्रोसेसरच्या एका कोअरवर कर्नलची दमछाक होते.

व्हीपीपीवाल्यांचं हे रडगाणं नाही. सिस्कोने २०१६ मध्ये खुलं केलेलं हे राउटिंगचं सॉफ्टवेअर (व्हेक्टर पॅकेट प्रोसेसिंग) कर्नलला वगळून २५६ पर्यंत पॅकेटांचा घोळका एकदम हाताळतं. पहिल्या पॅकेटसाठी प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जलद स्मृतीत) आलेला कोड बाकीच्यांना फुकटात मिळतो. पण गंमत अशी, की इथे लोक मागतात ते कर्नलवाल्यांच्या घरात आधीपासूनच पडून असतं. व्हीपीपी सहसा डीपीडीके ही कार्डाशी थेट बोलणारी लायब्ररी वापरतं, आणि तिने नेटवर्क कार्ड ताब्यात घेतलं की ते सहसा कर्नलला दिसतच नाही. मी सवयीने टीसीपीडंप (कर्नलमधून ट्रॅफिक बघण्याचं साधन) लावला तर स्क्रीन कोरी, आणि ट्रॅफिक मात्र धो धो चालू. मग व्हीपीपीचा स्वतःचा ट्रेस शिकलो. एफआरआर, म्हणजे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर, जोडायला लिनक्स-सीपी प्लगइन लागतं. रिकाम्या वेळीही कोअर शंभर टक्के दिसतो, म्हणून नवखे तक्रार करतात. तो बिघाड नव्हे, सतत पोलिंग करण्याची, म्हणजे पॅकेट आलं का ते न थांबता बघत राहण्याची, ती रीतच आहे.

एक-दोन गिगाबिटसाठी मी डोळे मिटून कर्नल घेईन. आणि तक्रार कुठेही करा, नुसतं ‘स्लो आहे’ लिहू नका. पॅकेटचा आकार, कार्ड आणि कोअर किती, तेवढं तरी सांगा.