फुकट फुल बॉडी चेकअप शिबिर आणि आबांच्या बंद झालेल्या शुगरच्या गोळ्या

उशिरा लिहितोय पण लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या गल्लीत अजून चार-पाच घरात त्या शिबिरातल्या रिपोर्टच्या फाईली आहेत आणि लोक त्या बघून काय खायचं आणि कुठली गोळी सोडायची ते ठरवायला लागलेत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेठेतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बोर्डवर लिहिलेलं, मोफत फुल बॉडी चेकअप, रक्त न काढता २ मिनिटात रिपोर्ट, आणि खाली एका इच्छुकाचा हात जोडलेला फोटो. आपल्या कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, तिथनं पुढं पाच वर्षं प्रशासक, वॉर्डात तक्रार घेऊन जायचं तर नगरसेवक म्हणून कोण नव्हताच, आणि १५ जानेवारी २०२६ चं मतदान जवळ आलं तशी ही शिबिरं सुरू झाली. कोण चष्मे वाटत होतं, कोण चेकअप करत होतं. फुकट आहे म्हणून राग नाही माझा, चष्म्याच्या शिबिरात आमच्या आत्तीला चांगला नंबर काढून मिळाला. पण हे चेकअप वेगळं होतं.

आबांना घेऊन मी आणि बायको गेलो, शेजारच्या काकूपण होत्या. पहिल्या टेबलावर एक नर्स पोरगी बीपी बघत होती, तिनं आबांना आधी पाच मिनिटं शांत बसवलं, हात टेबलावर ठेवायला लावला, दोनदा बघितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. एक नंबर काम, तिला मनापासून धन्यवाद.

दुसऱ्या टेबलावर ते मशीन. लॅपटॉप, त्याला यूएसबीनं जोडलेला छोटा डबा आणि डब्याला वायरनं लावलेलं धातूचं दांडकं. आधी नाव, वय, उंची, वजन, स्त्री का पुरुष हे सगळं टाईप करतात, मग दांडकं मुठीत धरायचं, स्क्रीनवर रेषा पळतात, आणि दोन मिनिटात तीसेक पानं प्रिंट. लिव्हर, किडनी, हाडं, कॅल्शियम, बी-१२, कोलेस्टेरॉल, डोळे, मेंदूच्या नसा, सगळं. माणूस सांगत होता क्वांटम मॅग्नेटिक टेक्नॉलॉजी आहे, आता त्यात एआय पण आलंय.

काकूंचा रिपोर्ट घरी आल्यावर बायकोनं वाचला आणि तिथं पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. काकूंच्या नावापुढं चुकून 'पुरुष' पडलेलं, आणि आत एक अख्खं पान प्रोस्टेटचं. आकडे लिहिलेले, आणि शेरा नॉर्मल. काकूंच्या शरीरात जो अवयवच नाही तो मशीननं तपासून नॉर्मल ठरवला. म्हणजे मशीन काकूंना बघतच नव्हतं, टाईप केलेला फॉर्म बघत होतं.

दुसऱ्या दिवशी शिबिर चालूच होतं, मी परत गेलो. आदल्या दिवशी माझं खरं वय ४६ आणि वजन ८१ सांगितलेलं, तर लिव्हरमध्ये चरबी, हाडं कमजोर, रक्तवाहिन्या कडक असं आलेलं. आता दुसरं नाव सांगून वय २५ आणि वजन ६० सांगितलं, समोर बसलेल्या माणसानं माझ्याकडं बघितलं पण नाही. हात तोच, दांडकं तेच, आणि एका रात्रीत माझं लिव्हर आणि हाडं ठीक झालेली. दोन्ही रिपोर्ट माझ्याकडं आहेत, कुणाला बघायचे असतील तर घरी या, दाखवतो.

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही. कोरोनात आपण सगळ्यांनी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं, ते लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटातनं पाठवतं, ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त तो उजेड वेगवेगळा शोषतं, त्यावरनं आकडा काढतं. काय मोजतंय आणि कसं मोजतंय ते सांगता येतं. एमआरआयमध्ये खरंच मॅग्नेट असतं, दीड टेस्लाचं वगैरे, मशीनचं वजन काही टन, वेगळी खोली लागते, आत जाताना अंगठी-घड्याळ काढून ठेवायला लावतात. आणि इथं म्हणे यूएसबीवरच्या डब्यानं, आबांच्या हातात अंगठी असताना, तळहातावरनं बी-१२ कळलं. बी-१२ बघायला रक्त काढावं लागतं, दुसरा रस्ता नाही. दांडकं हातात धरून फार तर घामट हातातनं करंट किती जातो एवढं कळंल. पोरानं आबांच्या रिपोर्टचे फोटो मोबाईलवरच्या एआयला दिले, तर त्यानं पण प्रत्येक पान झकास समजावून सांगितलं, डाएट पण दिलं. त्याला काय, जे कागदावर आहे तेच त्याच्यापुढं, कागद खोटा आहे हे त्याला कोण सांगणार.

इथवर असतं तर मी लिहिलं नसतं. आबांच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन तयार करणारा अवयव, नॉर्मल आलेलं. आबा नऊ वर्षं शुगरच्या गोळ्या घेतात, सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन. तिसऱ्या टेबलावर पावडरीचे डबे होते, तिथल्या बाईनं सांगितलं की तुमचं स्वादुपिंड चांगलं आहे, गोळ्यांनी उलट किडनी खराब होईल, हे तीन महिने घ्या. दोन डबे ३,२०० रुपये. आबांनी पेन्शनच्या पैशातनं घेतले आणि आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. बरोबर अठरा दिवस. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायला लागले, तोंड कोरडं, पाय दुखतात म्हणायला लागले, आम्हाला वाटलं थंडीमुळं असंल. बायकोला गोळ्यांचं पाकीट तसंच दिसलं तेव्हा कळलं. लॅबमध्ये उपाशीपोटी शुगर २२६. ऑक्टोबरमध्ये १२८ होती.

आमचे डॉक्टर आबांना ओरडले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. एचबीए१सी म्हणून रक्ताची तपासणी असते, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर कळते, ६.५ टक्के आणि त्याच्या वर गेली की डायबेटीस. गोळ्यांमुळं शुगर नॉर्मल दिसते म्हणजे आजार गेला असं नाही, आणि किडनी खराब होते ती जास्त करून वाढलेल्या शुगरनंच. आबांना हे पटलं, पण ते म्हटले की मंडळाच्या हॉलमध्ये, आपल्याच पोरांनी बोलावलं म्हणून मी विश्वास ठेवला. हे वाक्य मला लई लागलं.

त्या डब्यावर पुढं पान-फुलं आणि 'मधुमेहावर विजय' असं ठळक, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही. १४ आकडी एफएसएसएआय नंबर पण आहे, तो दाखवून ती बाई सरकारमान्य म्हणत होती. तो नंबर खाण्याचा माल विकायचं लायसन आहे, त्यानं शुगर कमी होते असं कुणी तपासून दिलेलं नाही. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, त्याच्या यादीत डायबेटीस नावानिशी आहे.

इच्छुक साहेबांना मी भेटून दोन्ही रिपोर्ट दाखवले. ते म्हटले आम्ही फक्त हॉल दिला, कंपनी बाहेरची होती. मग बोर्डवर फोटो कशाला? मतं मागायची असतील तर हे बघा: तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासायची योजना आहे, बोटातनं थेंबभर रक्त घेऊन. आपल्याकडं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, महापालिकेची सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा हॉस्पिटलं आहेत. तिथल्या माणसांना बोलावून हॉलमध्ये एक सकाळ बसवा, मी स्वतः सतरंज्या घालायला येतो.

आबांच्या गोळ्या परत सुरू आहेत, मागच्या आठवड्यात १४१ आली. पावडरीचा एक डबा सील न फोडता कपाटावर आहे, परत करायचा म्हणून पावती काढली तर साध्या कागदावर पेनानं नुसता आकडा लिहिलेला, नाव नाही पत्ता नाही, आणि दिलेला नंबर बंद लागतोय.